लूपमध्ये शिरते, बाहेर पडत नाही : ऑर्डरवर जुना मॉडेल रेल्वेचा लेआउट दुरुस्त करतानाचा माझा अनुभव

आधीच सांगतो, काम छान झालं. डोंगर, बोगदा, स्टेशन, सगळं बघणाऱ्यांना आवडलं. पण माझ्या डोक्यात अजून ती अर्ध्या मिलिमीटरची फट बसलीये, म्हणून तिच्याबद्दलच लिहितो.

ऑर्डर एका काकांची. जुना एचओ लेआउट, म्हणजे 1:87 स्केल, रुळांमधलं अंतर 16.5 मिमी, साध्या डीसी कंट्रोलरवर चालणारा, म्हणजे रुळांतली वीज कमी-जास्त करून गाडी पळवायची. त्यांना तो डीसीसीवर, म्हणजे डिजिटल कंट्रोलवर हवा होता, रुळांत कायम वीज आणि प्रत्येक इंजिनात स्वतःचा डिकोडर, म्हणजे कंट्रोलरचे आदेश ओळखणारं छोटं सर्किट. खाली वाकून बघितलं तर सगळ्या वायरी लाल. सगळ्या! कोणती कुठे जाते ते लावणाऱ्यालाच माहीत. तेव्हा एक करा, जुनं काही तोडायच्या आधी खालच्या बाजूचे भरपूर फोटो काढा. मी काढले नाहीत, शेवटी सगळं उपटून नवीन बस वायर, म्हणजे सगळ्या रुळांना वीज पुरवणारी मुख्य वायर टाकली. ट्रॅक, खडी, झाडं यात दोन महिने गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

लेआउट त्यांच्या घरी बसवला, गाड्या फिरवून दाखवल्या, काका खूश. आठवड्याने फोन, "अहो, गाडी लूपमध्ये जाते आणि बाहेर पडताना सगळंच बंद होतं."

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. लूपमध्ये गाडी वळून त्याच रुळावर परत येते, त्यामुळे डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि थेट शॉर्ट होतो. म्हणून लूपच्या दोन्ही तोंडांना दोन्ही रूळ कापून गॅप ठेवायचा आणि मधल्या भागाला ऑटो रिव्हर्सर लावायचा. चाकांनी गॅप ओलांडताना शॉर्ट झाला की तो क्षणात लूपची पोलॅरिटी उलटी करतो, म्हणजे दोन रुळांच्या वीजजोडण्यांची अदलाबदल करतो, आणि गाडी न थांबता जाते. हे सगळं मी केलं होतं, घरी शंभर वेळा चालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. गाडी मस्त चालली. दहा फेऱ्या, वीस फेऱ्या, काही नाही. काका माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. संध्याकाळी परत फोन, "परत थांबली." असं तीन आठवडे चाललं हो! मी रिव्हर्सर बदलला. इंजिनांच्या चाकांमधलं अंतर गेज लावून तपासलं. लूप गाडीपेक्षा लांब आहे ना ते परत मोजलं, कारण पुढची चाकं एका तोंडावर आणि मागची दुसऱ्या तोंडावर एकाच वेळी आली तर रिव्हर्सर काहीच करू शकत नाही. ते पण ठीक. मग मनात यायला लागलं की काकाच काहीतरी चुकीचं दाबतायत. हे त्यांना बोललो नाही ते बरं झालं.

फोन संध्याकाळीच यायचे, म्हणून शेवटी एकदा मुद्दाम दुपारी चारला गेलो. खोलीत पाय ठेवला आणि दिसलं, खिडकीतून ऊन सरळ लूपच्या तोंडावर पडलंय. सगळी इंजिनं उचलली, लूपला वीज देणाऱ्या दोन्ही फीड वायरी सोडवल्या आणि मल्टीमीटरचं एक टोक गॅपच्या अलीकडे, एक पलीकडे. बीप, म्हणजे दोन्ही बाजू जोडलेल्या. आधी सकाळी आलो होतो तेव्हा हाच मीटर गप्प होता!

भिंग लावून बघितलं तर गॅप बुजलेला. बाहेरून फट दिसत होती, कारण रूळ गंजल्यासारखे दिसावेत म्हणून मीच हौसेने तिथे गडद रंग फासला होता. त्या कोरड्या खोलीत फ्रेमचं लाकूड थोडं आकसलं असणार आणि वरून ऊन. मीटरभर रूळ वीस अंशांनी तापला तर साधारण 0.3 मिमी वाढतो, आमचा गॅपच मुळात अर्ध्या मिमीचा. एका बाजूचा एकच रूळ चिकटला होता, त्यामुळे गाडी आत जाताना पोलॅरिटी जुळायची, बाहेर पडताना रिव्हर्सरने उलटी केली की चिकटलेल्या रुळातून शॉर्ट, आणि डीसीसीमध्ये शॉर्ट म्हणजे पूर्ण लेआउट बंद.

उपाय दहा मिनिटांचा. बारीक करवतीने गॅप परत मोकळा केला, त्यात प्लॅस्टिकची पातळ पट्टी सुपरग्लूने बसवली आणि वाळल्यावर रुळाच्या आकारात घासली. आठही गॅपना. हो, आठ, कारण असे लूप दोन होते. खडी टाकायची घाई होती म्हणून हे मी आधी केलं नव्हतं, दुसरं कारण नाही.

आणि आठवलं म्हणून, रूळ साफ करायला स्टील वूल कधीच वापरू नका, त्याचे तुकडे मोटरच्या मॅग्नेटला चिकटतात. आणि ऑर्डर घेताना काम दिल्यानंतरच्या दोन-तीन फेऱ्यांचे पैसे आधीच धरा, मी सगळ्या फुकट मारल्या.

साडेचारला, त्याच उन्हात, गाडी लूपमधून सरळ बाहेर आली. मी हत्यारं गोळा करायला लागलो तर काका म्हणाले, "थांबा, आता दुसऱ्या बाजूने घालून दाखवा."