तुम्ही विचारलंत म्हणून: रोज त्याच परसात काय टिपता?

दर गणपतीत मुंबई-पुण्याकडची माणसं घरी आली की माझ्या फोटोंचा विषय निघतो आणि कोणीतरी हमखास विचारतं, "एवढी वर्षं त्याच परसात तेच पक्षी टिपता, कंटाळा कसा येत नाही? ताडोबाला जा, भरतपूरला जा, अगदीच नाही तर कर्नाळ्याला तरी जाऊन या." यंदा धाकट्या जावेच्या लेकीने विचारलं आणि वर म्हणाली, "काकू, उत्तर नीट लिहूनच दे." म्हणून हे लिहिते आहे.

भरतपूर मी पाहिलं आहे आणि ते फार सुंदर आहे. पण परक्या ठिकाणी दोन दिवस गेलं की पक्षी दिसतो. तो तिथे कधी आला, कशासाठी आला, कधी जाणार, हे दिसत नाही. ते कळायला बारा महिने एका जागी बसावं लागतं. माझं खरं उत्तर एवढंच, बाकीचे त्याचे दाखले.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्राच्या अंगाला. पुढे खळं, मागे न्हाणी आणि विहीर, विहिरीला लागून माड-पोफळीचं आगर, आगराच्या कडेने जुना गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेली भिंत. गडग्यापलीकडे व्हाळ, म्हणजे लहानसा ओढा, आणि मग भाताची खाचरं. माझे बहुतेक सगळे फोटो एवढ्यातलेच आहेत.

जांभळ्या शिंजिराचंच घ्या. विहिरीजवळच्या जास्वंदीवर तो वर्षभर असतो. मार्चमध्ये नर लांबून नुसता काळा दिसतो, आणि ढगाळ दिवशी फोटोतही काळाच येतो. त्याची झळाळी ही रंगद्रव्याची नव्हे. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर उजेड पडून ती दिसते, त्यामुळे ऊन कुठून येतंय यावर सगळं अवलंबून. माझ्याकडे सकाळचं ऊन पाठीमागून येतं तेवढा तासभरच उपयोगाचा. तेव्हा तो जास्वंदीवर उतरतो, पण फुलाच्या तोंडाशी जात नाही. देठाच्या बाजूने फांदी धरतो, मान वाकडी करतो आणि पाकळ्यांच्या बुडाशी चोचीने भोक पाडून तिथूनच मध ओढतो. केसरांना त्याचा स्पर्शही होत नाही, म्हणजे या भेटीत फुलाच्या पदरात काहीच पडत नाही. मान जराशी वळली की काळ्याचा जांभळा, जांभळ्याचा निळा, आणि पुन्हा काळा. मादी जवळ असेल तर पंख उचलून काखेतले शेंदरी-पिवळे झुपके दाखवतो. हे झुपके एरवी मिटलेलेच असतात.

विणीचा हंगाम सरला की हा नर सगळा थाट उतरवून ठेवतो. दिवाळीच्या आसपास त्याच जास्वंदीवर नर दिसतो तो पोटाला पिवळा, पाठीला मातकट, आणि हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक काळा पट्टा. पुढे थंडी सरता सरता काळी पिसं पुन्हा ठिकठिकाणी उगवू लागतात आणि काही दिवस तो अर्धा पिवळा, अर्धा जांभळा असा चट्ट्यापट्ट्यांचा असतो. हे मधले फोटो मला सगळ्यांत प्रिय आहेत. शेजारच्या मुलांपुढे मार्चचा आणि नोव्हेंबरचा फोटो शेजारी शेजारी ठेवला तर हा एकाच जातीचा नर आहे हे त्यांना पटत नाही. मधले फोटो दाखवले की पटतं.

असे कितीतरी. व्हाळाच्या काठची ढोकरी, म्हणजे लहान जातीचा बगळा, हिवाळ्यात मातकट, रेघारेघांची. चिखलात उभी असली तर समोर असून नजरेला पडत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या पाठीवर गर्द तांबूस पिसं येतात आणि डोकं-मान पिवळट होते. नांगरणीच्या वेळी जोतामागून चालणारा गायबगळा डोक्यापासून छातीपर्यंत केशरी झालेला असतो, कापणी उरकली की पुन्हा पांढरा. एरवी चिमण्यांत मिसळून जाणाऱ्या सुगरण नराचं डोकं आणि छाती पावसात पिवळीधम्मक होते. "तेच पक्षी" म्हणणाऱ्यांना मी हे फोटो दाखवते.

सुगरणीवरून किहीम आठवलं. अलिबागजवळच्या या गावात १९३० च्या सुमारास पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली राहायला होते. हातची नोकरी गेलेली, आणि घराजवळ सुगरणींची वसाहत. त्यांनी ती हंगामभर नेटाने पाहिली. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर आत मुक्काम करते, मग नर ते पुरं करतो. ती अंड्यांवर बसली की तो शेजारी दुसरं घरटं सुरू करून दुसऱ्या मादीला बोलावतो. सुगरणीचा हा सारा संसार त्यांनी तिथे बसून उलगडला. आपल्याच किनाऱ्यावर, घराजवळच्या झाडाखाली बसून एवढं मोठं काम उभं राहिलं, याचा मला फार आधार वाटतो.

आता पाऊस. मला विचाराल तर कोकणातल्या परसाचा खरा ऋतू हाच, आणि नेमका याच ऋतूत बहुतेक लोक कॅमेरा बासनात बांधून ठेवतात.

रोहिणी नक्षत्र लागलं की माझे कान फणसाखाली लागलेले असतात. तिन्हीसांजेला किंवा पहाटे दोन सुरांची ठसठशीत शीळ आली की नवरंग पोचला. सासूबाई पडवीत काही निवडत बसलेल्या असल्या तर त्यांना माझ्याआधी ऐकू येते. "अगो, आला गो तुझा पाहुणा!" अशी हाक आली की मी हातातलं काम टाकून उठते आणि आधी कालनिर्णयाच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवते. जुनी कालनिर्णयं मी फेकलेली नाहीत. त्यांच्यावरून दिसतं की हा पक्षी मिरगाच्या मागेपुढेच येतो.

नवरंग हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि विणीसाठी उत्तरेकडे सरकतो. त्यातले काही आपल्या कोकणातच थांबतात. हिरवी पाठ, पंखावर आकाशी निळा डाग, पांढरा गळा, डोळ्यावरून जाड काळी पट्टी, शेपटीखाली लालभडक. एवढे रंग असून फणसाखालच्या अंधारात तो हलल्याशिवाय सापडत नाही. मी मागच्या दाराच्या पायरीवर बसते, कॅमेरा गुडघ्याच्याही खाली धरते. तो टुणटुणत येतो, थांबतो, आखूड शेपटी सावकाश वरखाली करतो, मग चोचीने पातेऱ्यातलं, म्हणजे झाडाखालच्या पाचोळ्यातलं, एक पान उचलून बाजूला फेकतो. खाली काही नसलं तर पुढचं पान. गांडूळ हाती लागलं की ते ओढताना दोन्ही पाय रोवून मागे रेलतो. शीळ घालायची असली की खालच्याच एखाद्या फांदीवर चढून मान मागे टाकतो. भर दुपारी मळभ एवढं असतं की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० च्या खाली ठेवून काही जमत नाही आणि फोटोत दाणे दिसतात. दिसू देत. पावसातल्या फणसाखाली उजेड तेवढाच असतो.

आणखी एक, कारण मे अखेरीस आणि ऑक्टोबरात याबद्दल फोन येतात. नवरंग रात्रीचा प्रवास करतो. दमून तो पडवीत, कधी थेट खोलीत येऊन पडतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, निवांत ठेवा. चोच उघडून पाणी ओतू नका, मुलांना हाताळायला देऊ नका, फोटोसाठी तर मुळीच बाहेर काढू नका. हुशारला की झाडीजवळ खोकं उघडायचं. जखम दिसली तर वनखात्याला कळवायचं.

पावसात व्हाळावर तिबोटी खंड्याही येतो. मुठीत मावेल एवढा, जांभळट-निळा आणि नारिंगी. काठाच्या मातीत बीळ करून तो विणीला बसतो, आणि पिल्लांसाठी सापसुरळ्या, बेडक्या, खेकडे आणतो. तो बसतो ती फांदी ठरलेली असते, त्यामुळे त्याच्या मागे धावायची गरज नाही.

गौरी येऊन गेल्या की विहिरीच्या कठड्यावर करडा धोबी शेपटी हलवताना दिसतो आणि हिवाळी पाहुण्यांची सुरुवात होते. कुंपणातून "चक्, चक्" येऊ लागलं की बोरू वटवट्या आला. तो क्वचितच धड दिसतो, मी त्याची हजेरी आवाजावरूनच मांडते. पुढे स्वर्गीय नर्तक येतो. तरुण नर तांबूस असतो, वयाने वाढला की पांढराशुभ्र होतो, आणि दोन्हीच्या शेपटीच्या लांब फिती वाऱ्यावर हलतात. फेब्रुवारीत काटेसावर फुलली की भोरड्यांचे थवे, एप्रिलपर्यंत तेही मध्य आशियाच्या वाटेला लागतात.

मग उन्हाळा तांबटाचा. त्याचा "टुक्-टुक्" दिवसभर चालतो, चोच मिटलेली, गळा मात्र दर आवाजाला फुगतो. हाक मारताना तो मान इकडून तिकडे फिरवतो, म्हणून आवाजाची दिशा लागत नाही. आमच्या शेवग्याच्या वाळक्या फांदीत त्याने बीळ कोरलं तेव्हापासून वाळकी फांदी तोडायची नाही, असा घरात नियम आहे. माणसाच्या डोक्यावर पडेल अशी असेल तरच.

कॅमेरा कोणता, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. माझ्याकडे ७० ते ३०० मिलिमीटरची साधी झूम लेन्स आहे आणि परसात ती पुरते, कारण पक्ष्यांना माझी सवय झाली आहे. त्याच वेळी, त्याच पायरीवर, त्याच मळकट रंगाच्या साडीत बसणाऱ्या बाईची त्यांना भीती वाटत नाही. कोकणात लेन्स विकत घेण्यापेक्षा ती पावसाळ्यात जपणं अवघड. दमटपणाने काचेवर बुरशी धरते आणि खारं वारं धातूला खातं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेवा, पुड्यांचा रंग पालटला की त्या वाळवून पुन्हा घाला. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा वापरा.

घरट्यांचे फोटो मी काढत नाही, आणि कोणी मागितले तर नाही म्हणते. शिंजिराचं घरटं कोळिष्टकात गुंफलेलं, वाळका पाचोळा लटकल्यासारखं दिसतं, आणि तेच त्याचं संरक्षण. "जरा ते पान बाजूला घे, उजेड येईल" असं म्हणून एक पान बाजूला घेतलं की ते कावळ्यालाही दिसतं आणि भारद्वाजालाही. भारद्वाज अंडी आणि पिल्लं खातो. आपण सारखे तिकडे जात राहिलो तर आईही यायला बिचकते. आता अनेक छायाचित्र स्पर्धाही घरट्यांचे फोटो घेत नाहीत, हे फार चांगलं झालं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलावणं हाही तसलाच प्रकार. विणीच्या दिवसांत तो खरा प्रतिस्पर्धी समजून पिल्लांचं खाणं आणायचं सोडून भांडायला येतो.

मनाला लागतं ते वेगळंच. गावात घरं नवी होतात तसतशी परसं गुळगुळीत होतात. गडगा काढून सिमेंटची भिंत येते, अंगणभर पेव्हर ब्लॉक बसतात, पातेरा रोज लोटून जाळला जातो. गडग्याच्या सांदीत दयाळ घरटं करतो, सरडे-सापसुरळ्या राहतात. गुळगुळीत भिंतीत कोण राहणार? पातेरा गेला की नवरंगाला उचलायला पान नाही, आणि पानाखाली गांडूळही नाही. स्वच्छ अंगण मलाही हवं असतं, खळं मी रोज सारवते-झाडते. पण फणसाखालचा आणि गडग्याकडेचा पातेरा तसाच राहू द्यावा, एवढं मी भेटेल त्याला सांगते. साप येतील म्हणतात. पायवाट मोकळी ठेवावी, रात्री बॅटरी घेऊन जावं. उन्हाळ्यात मातीच्या पसरट भांड्यात दोन बोटं पाणी ठेवावं आणि ते रोज बदलावं, म्हणजे डास होत नाहीत.

सुरुवात कुठून करू, असं जावेच्या लेकीने शेवटी विचारलं. दयाळापासून कर. तुझ्या पुण्याच्या सोसायटीतही तो असेल. जानेवारीत नर काळा-पांढरा, शेपटी उंचावून भिंतीवर बसलेला असतो आणि फारसा गात नाही. मार्चपासून पहाटे सगळ्यांत उंच जागा पकडून गायला लागतो, मधूनच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. मादी राखाडी, तीही टिप. लोक नेमकं तिलाच वगळतात. मे-जूनमध्ये चोचीत अळी घेऊन उडताना दिसला तर तो कुठे जातो हे बघायला मागे जाऊ नकोस. प्रत्येक फोटोखाली तारीख आणि वेळ लिही. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते, १९९८ पासून चालू आहे आणि भारत त्यात २०१३ पासून आहे. एका जागी किमान पंधरा मिनिटं उभं राहून जे दिसलं, ऐकू आलं, ते ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचं, एवढंच काम. यंदा तू तुझ्या गच्चीतून मोज, मी इथून मोजते.