आमची वाटचाल: विंडोजवरून लिनक्सवर, व्हाया कळमना बाजार

नागपुरात आडतीचं सॉफ्टवेअर विकणारे पुष्कळ. शेतकऱ्याची पट्टी (माल विकल्याचा हिशेब) आणि खरेदीदाराचं बिल पैशाला पैसा जुळवून देणारे मोजके, त्यात आम्ही. सुरळीत गेलेल्या वर्षांवर काय लिहायचं? लिहायचं ते सर्व्हर हलवला त्या आठवड्याचं.

विंडोज सर्व्हर 2012 आर-2 चा सपोर्ट 10 ऑक्टोबर 2023 ला संपत होता. नव्या लायसन्सपेक्षा उबुंटू हे लिनक्स बरं, आमचा प्रोग्राम जावात, आणि जावा काय दोन्हीकडे चालतंच, असा हिशेब होता. पहिल्याच लॉगिनला एरर 1146, टेबल सापडत नाही. विंडोजवर मायएसक्यूएल, म्हणजे आमचा डेटाबेस, टेबलांची नावं स्मॉल अक्षरांत साठवतं. आमच्या क्वेरीत ‘बिलमास्टर’चा बी आणि एम कॅपिटल, आणि लिनक्सला ते दुसरंच टेबल वाटतं. लोअर-केस-टेबल-नेम्स ही सेटिंग 1 (सगळी नावं स्मॉल) करून पाहिली, तर मायएसक्यूएलच उठेना. आवृत्ती 8 मध्ये ही सेटिंग डेटा फोल्डर पहिल्यांदा तयार होतानाच ठरते. फोल्डर रिकामा करून 1 देऊन पुन्हा इनिशियलाइझ केला, मग डंप, म्हणजे जुन्या डेटाची प्रत, चढवला. टेबलांची नावं पहिल्या दिवसापासून स्मॉलमध्येच ठेवा, हे कुणी विचारलं नसलं तरी सांगतो.

नंतर पीडीएफ पट्टीवर ‘संत्रा’च्या जागी सहा प्रश्नचिन्हं. टर्मिनलमधून चालवलं की ठीक, सर्व्हिस म्हणून (मागे आपोआप) चालवलं की बिघाड. देवनागरी अक्षरं सांभाळणाऱ्या यूटीएफ-8 एन्कोडिंगचा फ्लॅग विंडोजवर प्रोग्राम सुरू करणाऱ्या जुन्या बॅच फाइलमध्ये होता, तो तिथेच राहिला. सर्व्हिसला लोकॅल (भाषेची सेटिंग) मिळत नव्हता आणि जावा 8 तो नसला की साधं आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, धरतं. जावा 18 पासून यूटीएफ-8 च डीफॉल्ट आहे. स्टार्ट स्क्रिप्टच्या ओळींना विंडोजचा सीआर (ओळ संपल्याची जादा खूण) चिकटला होता, तो गिटच्या गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये ईओएल एलएफ (ओळीअखेर लिनक्सचीच खूण) लिहून गेला.

खरा घाव प्रिंटरचा. कळमन्यातले आमचे सगळ्यात जुने शेठजी फोनवर म्हणाले, "भाऊ, मशीन तर चालू आहे, मग बिलं कुठं जाऊन राहिले?" एप्सनचा नऊ पिनांचा डॉट मॅट्रिक्स गप्प, एररही नाही. कोड ‘एलपीटी1’ नावाची फाइल उघडून लिहायचा. विंडोजवर तो प्रिंटरचा पोर्ट. लिनक्सवर ती प्रोग्रामच्या फोल्डरमधली साधी फाइल! उघडली तर आत एकच शेवटचं बिल, कारण प्रत्येक नवं बिल आधीचं पुसत होतं. आता छपाई कप्स या लिनक्सच्या छपाई यंत्रणेमार्फत, एलपी कमांडला रॉ (जसंच्या तसं पाठव) ऑप्शन देऊन. रॉ विसरलात तर प्रिंटरला हुकूम देणारे ईएससी कोडच कागदावर उमटतात.

तेवढ्या चार दिवसांत समोरच्या एका स्पर्धकाने बाजारभर फिरवलं की यांच्या लिनक्सवर बिल निघत नाही. तीन गाळे गेले, एकही परतला नाही. शेठजी आमच्याकडेच थांबले. प्रिंटर मात्र बदलू देत नाहीत, रिबन तेवढी दर दोन महिन्यांनी नवी.