तुम्ही विचारलंत म्हणून: यूट्यूब असताना शुगर आर्टचा क्लास कशाला?

"ताई, यूट्यूबवर सगळं फुकट आहे की, मग साखरेची फुलं शिकायला एवढी फी कशाला भरायची?" केकचा फोटो टाकला की हा प्रश्न येतोच, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

व्हिडिओ मी पण भरपूर बघते, डिझाइन आणि रंगांसाठी बेस्टच. पण गमपेस्ट, म्हणजे फुलं करायची साखरेची कणीक, हे हाताला कळायचं काम आहे. व्हिडिओतली बाई म्हणते, पातळ लाटा. आता पातळ म्हणजे किती? क्लासमध्ये मॅडमनी लाटलेला तुकडा सरळ माझ्या तळहातावर ठेवला, खालच्या रेषा दिसत होत्या, तेव्हा कळलं की मी घरी लाटत होते ती पुरीच होती.

गुलाबाच्या पाकळीची कडच घ्या. बॉल टूल (टोकाला गोळा असलेली काडी) अर्धं पाकळीवर आणि अर्धं खालच्या फोमवर ठेवून फिरवायचं, पूर्ण पाकळीवर दाबलं तर नुसता खळगा पडतो आणि कड जाडच राहते. हे वाक्य मला पाठ होतं हो, पण दाब किती ते मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवून टूल फिरवलं तेव्हा समजलं, इतका हलका की काही होतंय असं वाटतच नाही आणि बघता बघता कडेला झालर येते. आणि हे सगळं भराभर करायचं, कारण पेस्टमध्ये टायलोज किंवा सीएमसी नावाची घट्ट करणारी पावडर असते, तिच्यामुळे पेस्ट हवा लागली की कडक व्हायला लागते, त्यामुळेच पाकळी उभी राहते आणि त्यामुळेच उघड्या राहिलेल्या तुकड्याला तडे जातात.

दुसरं म्हणजे आपली हवा. संक्रांतीचा हलवा घरी केला असेल तर माहितीच असेल, काटा येतो तो थंडीत, दमट हवेत कितीही हात फिरवा. साखर हवेतलं पाणी ओढतेच. जुलैत मुंबईत गमपेस्टची पाकळी रात्रभर वाळवली तरी सकाळी मान टाकते, म्हणून इथे शिकवणारी मॅडम सीएमसी थोडं वाढवायला सांगते, एसी लावायला सांगते, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायला सांगते. आणि फुलं फ्रिजमध्ये अजिबात नाही, बाहेर काढली की त्यांना घाम फुटतो.

त्यात आपलं गिऱ्हाईक फ्रेश क्रीमवालं! परदेशी ट्यूटोरियलमध्ये केकवर फॉन्डंट, म्हणजे लाटलेल्या साखरेचा थर असतो, आपल्याकडे व्हिप्ड क्रीमच हवं, आणि क्रीमला टेकलेली साखरेची पाकळी विरघळायला लागते. मग फुलाच्या बुडाला व्हाइट चॉकलेटचा हात द्यायचा, किंवा डिलिव्हरीच्या वेळीच फूल बसवायचं. फुलाची तार कधीही थेट केकमध्ये खुपसायची नाही, आधी स्ट्रॉ किंवा पोझी पिक (तार ठेवायची छोटी प्लास्टिकची नळी) खोचायची. आणि एगलेसची ऑर्डर असेल तर लक्षात ठेवा, मेरिंग पावडर म्हणजे वाळवलेलं अंडंच, नेहमीच्या रॉयल आयसिंगमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या नक्षीच्या आयसिंगमध्ये, तीच पडते. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी इंग्लंडमध्ये रॉयल आयसिंगचे नावाजलेले कारागीर एडी स्पेन्स यांच्याकडे हे काम शिकून मग बिनअंड्याच्या रॉयल आयसिंगमध्ये चर्चच्या जाळ्या-कमानी उभ्या केल्या, त्यामुळे अंड्याशिवाय नाजूक काम होत नाही असं कोणी म्हटलं तर मी ऐकत नाही.

सगळ्याच क्लासला जा असं मात्र मी म्हणणार नाही. पंचवीस बायका, एक टेबल, मॅडम पुढे करणार आणि आपण मोबाईलवर शूट करणार, याला हँड्स-ऑन म्हणत नाहीत, त्यापेक्षा यूट्यूब खरंच बरं. आयसोमॉल्ट (वितळवून काचेसारखी सजावट करायचा साखरेसारखा पदार्थ) तर असं शिकूच नका, ते दीडशे डिग्रीच्या वर तापलेलं असतं, चिकटलं की कातडी सोलूनच निघते, तिथे ग्लोव्हज आणि शेजारी लक्ष ठेवणारं माणूस हवंच. सुरुवात फुलांनीच करा.

फी भरायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: बॅचमध्ये किती जणी, फूल मी स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत करणार का, आणि पावसाळ्यात तुमच्या पेस्टचं प्रमाण काय बदलता. तिसऱ्या प्रश्नावर "काही नाही, सेमच" असं उत्तर आलं तर थँक्यू म्हणून फोन ठेवा.