बेलापूरच्या कोरियांकडून गोव्याच्या कोरियांकडे

लहानपणी आमच्या दारात पर्यटक यायचे. पाठीला सॅक, काखेत चित्रांची वही, गळ्यात कॅमेरा, अशी आर्किटेक्चरची पोरं. नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी रचलेली घरं बघायला ती लांबलांबून यायची. आई त्यांना पाणी द्यायची, आणि ती आमच्या मोरीचेसुद्धा फोटो काढायची. यात बघण्यासारखं काय, हे आईला अजून उमगलेलं नाही.

यंदा जुलैत मी त्या पोरांसारखाच निघालो. पणजीत मावशीकडे मुक्काम आणि बघायचं होतं ते दोना पावलाजवळ, वायंगिणीच्या किनाऱ्यावर कोरियांनीच केलेलं ‘सिदाद द गोवा’. १९८२ सालचं हॉटेल. मावशीनं भाजी चिरता चिरता विचारलं, “कितें पळोवपाचें आसा थंय?” आईची सख्खी बहीण, दुसरं काय विचारणार!

पायलट, म्हणजे गोव्यातली मोटरसायकल टॅक्सी, केला. मोटरसायकलवर मागे बसून मिरामारपर्यंत पोचेस्तोवर रेनकोटाच्या आत-बाहेर सारखाच ओला झालो होतो. चहाचं निमित्त करून आत शिरलो. राहण्याचं भाडं मला झेपणारं नव्हतं.

सिदाद म्हणजे शहर. नाव उगाच दिलेलं नाही. एक मोठी इमारत उभी करण्याऐवजी कोरियांनी उतारावरून समुद्राकडे जाणारं एक छोटं शहरच रचलंय. चौक, कमानी, गडद रंगांच्या भिंती. आणि त्या भिंतींवर चित्रं! दार रंगवलेलं, खिडकी रंगवलेली. जरा पुढे गेलं की खरी खिडकी. दोन-तीनदा फसलो. चौथ्यांदा खऱ्याच खिडकीला हात लावून पाहिला आणि शेजारून जाणाऱ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात खिशात घातला.

हा खेळ कोरियांनी पणजीच्या कला अकादमीतही केला. तिथल्या दीनानाथ मंगेशकर सभागृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी प्रेक्षकांनी भरलेले सज्जे चितारले. मावशी सांगते, पहिल्यांदा नाटकाला गेली तेव्हा मध्यंतरात तिला वाटलं, ही वरची माणसं चहाला कशी उठत नाहीत?

चहा येईपर्यंत मी मात्र बेलापूरचा हिशोब मांडत बसलो. आमच्याकडे सात घरांच्या मध्ये एक अंगण, साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं. अशी तीन अंगणं मिळून एकवीस घरांचा मोठा चौक. मुख्य गोष्ट म्हणजे कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. म्हणजे शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता येतं. बाबांनी वर एक खोली चढवली, तेव्हा शेजारचे काका विटा उचलायला आले होते, भांडायला नव्हे. आता तर बऱ्याच जणांनी जुनी कौलारू घरं पाडून तिथे स्लॅबची घरं उठवलीत. वहीवाली पोरं ते बघून हळहळतात. मला नाही वाईट वाटत. माणसांनी हात लावावा म्हणूनच कोरियांनी भिंती सुट्या ठेवल्या होत्या.

आणि हे सगळं थोड्याफार एकाच काळातलं बरं का. हे हॉटेल १९८२चं, कोरियांचीच मुंबईतली श्रीमंती फ्लॅटांची अठ्ठावीस मजली कांचनजंगा इमारत १९८३ची, आमचं गाव १९८३ ते ८६मधलं. श्रीमंताला आकाशात दुमजली व्हरांडा, पाहुण्याला खोटी खिडकी आणि आमच्यासारख्यांना अंगण. मला विचाराल तर आमचा सौदा सगळ्यात चांगला ठरला. सिदाद देखणं आहे, भरपूर देखणं आहे. पण तासाभरानं जीव थोडा अवघडला. नाटकाच्या सेटवर चुकून राहून गेल्यासारखं वाटायला लागलं. इथे कुणाला एक खिळासुद्धा ठोकता यायचा नाही.

बाहेर पडताना एका भिंतीच्या कडेनं धो धो पाणी वाहत होतं. पन्हळ बरोबर कुठे रिकामी होते ते बघायला मी वाकून फोटो काढू लागलो. झाडू घेऊन उभ्या असलेल्या मुलानं विचारलं, “काय साहेब, काही पडलं काय?” मला आमची मोरी आठवली.

संध्याकाळी मावशीला फोनवर फोटो दाखवले. रंगवलेल्या खिडकीवर ती थांबली.

“ही उघडत नाही?”

“नाही.”

“पावसात बरी,” म्हणाली, आणि आमच्या खिडकीखाली पिळलेलं फडकं पुन्हा लावायला उठली.