तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं चालून नकाशा कसा काढतात?

नैनसिंग रावत यांचं नाव निघालं की एनसीसीचे कॅडेट, शाळेतली मुलं आणि त्यांचे पालक हमखास विचारतात: उघडपणे कंपास काढायची सोय नाही, मोजपट्टी तर नाहीच, मग या माणसाने तिबेटचा नकाशा काढला कसा? आणि नागपुरात आम्हाला ते करून बघता येईल का?

येईल. आधी थोडी पार्श्वभूमी. 1860 च्या दशकात तिबेटची दारं परक्यांना बंद होती. ब्रिटिशांच्या भारतातल्या सर्व्हे म्हणजे भूमापन खात्याच्या कॅप्टन माँटगोमेरींनी सीमेलगतच्या माणसांनाच शिकवून आत पाठवायचं ठरवलं. कुमाऊँतल्या मिलम गावचे मास्तर नैनसिंग डेहराडूनला हे काम शिकले, 1865 मध्ये काठमांडूमार्गे निघाले आणि जानेवारी 1866 मध्ये ल्हासाला पोचले. परतताना त्सांगपोच्या, म्हणजे ब्रह्मपुत्रेच्याच, काठाने ते मानसरोवरापर्यंत आले. सुमारे 1,200 मैलांची ही वाट त्यांनी पावलांनी मोजली. त्यांच्या वेषांतराच्या गोष्टी सगळे रंगवून सांगतात. मला त्यांची मोजणी जास्त थोर वाटते, कारण वेष त्या मोजणीसाठीच होता.

दोन हजार पावलांचा एक मैल हा त्यांचा हिशेब. म्हणजे पाऊल साधारण साडेएकतीस इंचांचं, 80 सेंटीमीटर. जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी आणि दर दहावा मणी मोठा. शंभर पावलं झाली की एक मणी पुढे. मोठा मणी आला की हजार पावलं, माळ पुरी झाली की दहा हजार, म्हणजे पाच मैल. जप करणाऱ्याला वाटेत कोणी हटकत नाही, हा त्यातला दुसरा फायदा. मोजणी बहुतेक वेळा बिघडते ती कोणी बोलायला लागलं की. त्यांचे भाऊबंद किशनसिंग यांना लुटारूंच्या भीतीने घोड्यावर बसावं लागलं, तेव्हा त्यांनी घोड्याच्या पुढच्या उजव्या पायाची पावलं मोजली!

तुम्ही सुरुवात मैदानावर करा. टेपने 100 मीटर आखा, पाठीवर नेहमीची सॅक घ्या, सहज चालीने तीनदा चाला आणि फक्त डावा पाय मोजा. बहुतेकांचा आकडा 60 ते 70 मध्ये येतो. मुद्दाम लांब टांगा टाकू नका, त्या पहिल्या किलोमीटरनंतर टिकत नाहीत. मग तेच चढावर मोजा. पाऊल आखूड होतं, आकडा वाढतो. अंधारातही तसंच. आपल्याकडची खास अडचण म्हणजे पावसानंतरची काळी माती. बुटाला चिकटून तळवा जड झाला की पाऊल नकळत आखूड पडतं. तिथला आकडा वेगळा काढून वहीत लिहून ठेवा.

कंपासने दिशा घेताना गाडी, विजेचा लोखंडी मनोरा, बेल्टचं बक्कल, खिशातला मोबाइल यांपासून लांब राहा. नागपुरात चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्याही आत आहे, ती काळजी सोडा. काळजी करायची ती खडकाची. सीताबर्डीच्या टेकडीसारख्या उंचवट्यांचा बसाल्ट लोहयुक्त असतो आणि वीज पडलेल्या जागी तो सुई ओढतो. म्हणून पुढच्या खुणेची दिशा घ्या, तिथे पोचल्यावर मागच्या खुणेची उलटी दिशा घ्या. दोन्हींत बरोबर 180 अंशांचं अंतर हवं. नसेल तर दोनपैकी एका जागी सुई फसली आहे. एक अंश चुकलात तर किलोमीटरमागे 17 मीटर बाजूला जाता. पावलांच्या मोजणीत दोन टक्क्यांची चूकही 20 मीटरची होते, तेव्हा दोन्हीकडे सारखंच जपावं लागतं.

नैनसिंगांचा कंपास आणि नोंदींचे कागद बौद्ध लोक हातात फिरवतात त्या प्रार्थनाचक्रात असत. सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, पेटीच्या चोरकप्प्यात, पारा कवड्यांत भरून मेणाने बंद केलेला. रात्री लाकडी वाडग्यात पारा ओतायचा, तारा आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब यांतला कोन घ्यायचा आणि तो निम्मा करायचा. ती ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची, तिच्यावरून अक्षांश. पारा विषारी, तुम्ही त्याला हात लावू नका. ताटलीत काळं इंजिन ऑइल किंवा काकवी ओता. काकवी घट्ट असल्यामुळे वाऱ्याने हलतही नाही. ध्रुवतारा नागपुरात सुमारे 21 अंशांवर दिसतो, ल्हासात साडेएकोणतीसच्या थोडा वर. सूर्यावरून मोजायचं तर हिवाळ्यात मोजा आणि सेक्स्टंटची काळी काच लावल्याशिवाय त्याच्याकडे बघू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी तो आपल्या थेट डोक्यावर असतो आणि दुप्पट झालेला कोन सेक्स्टंटच्या मापात मावत नाही.

उंचीसाठी पाणी उकळायचं. साधारण 300 मीटर चढलं की उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. झिरो माइलच्या खांबावर समुद्रसपाटीपासूनची उंची 1020 फुटांहून किंचित जास्त दिलेली आहे, म्हणजे सुमारे 311 मीटर. त्यामुळे आपल्याकडे पाणी 99 अंशांच्या आसपास उकळतं, ल्हासात 88 च्या आसपास. थर्मामीटर पाण्यात न बुडवता वाफेत धरा, कारण पाण्यातल्या क्षारांनी आकडा चढतो. हवेचा दाब रोज बदलतो, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका.

आता नकाशा. फुटाळा तलावाहून निघा, सेमिनरी हिल्स करून परत फुटाळ्याला या. प्रत्येक वळणावर दिशा आणि पावलं लिहा. घरी एक सेंटिमीटरला 50 मीटर धरून एकेक रेघ काढत जा. शेवटची रेघ सुरुवातीच्या बिंदूला भिडणार नाही, कोणाचीच भिडत नाही. दोन किलोमीटरच्या फेरीत ही फट 60 मीटरच्या आत असेल तर काम चांगलं झालं. मग ती फट सगळ्या वळणांवर चाललेल्या अंतराच्या प्रमाणात वाटून द्या. फट याहून मोठी असेल तर वाटू नका. आधी 180 अंशांचा ताळा न जुळलेलं वळण शोधा आणि तेवढाच तुकडा पुन्हा चाला.