सुई न टोचता स्तनाचा एमआरआय

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचाच: ‘कॉन्ट्रास्टचं (प्रतिमेत गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात त्या औषधाचं) इंजेक्शन न देता स्तनाचा एमआरआय होत नाही का?’ होतो. पण तो कशासाठी काढायचाय, हे आधी सांगायला हवं.

सिलिकॉनचं इम्प्लांट फुटलंय का, एवढंच पाहायचं असेल तर इंजेक्शन लागतच नाही. कॅन्सर शोधायचा असेल तेव्हा गोष्ट वेगळी. गाठीभोवतीच्या नव्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. कॉन्ट्रास्टमधलं गॅडोलिनियम त्यांतून झिरपतं आणि पहिल्या दोन मिनिटांतच गाठ उजळते. ते द्यायचं नसेल, म्हणजे गरोदरपण असेल किंवा आधी तीव्र रिअ‍ॅक्शन आलेली असेल, तर मुख्य आधार डिफ्युजन या एमआरआयच्याच एका पद्धतीचा. (अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र इंजेक्शन चालतं, दूध थांबवावं लागत नाही.)

डिफ्युजन पाण्याच्या कणांची हालचाल मोजतं. कॅन्सरमध्ये पेशी दाटीवाटीने असतात, पाण्याला सरकायला जागा उरत नाही. बी-व्हॅल्यू (पाण्याच्या हालचालीला प्रतिमा किती संवेदनशील आहे, तो आकडा) ० किंवा ५० आणि ८०० अशा दोन प्रतिमा घेऊन एडीसी, म्हणजे पाणी किती मोकळेपणाने सरकतं त्याचा आकडा, काढतात. ८००च्या प्रतिमेत पांढरं आणि एडीसी मॅपवर (त्या आकड्यांच्या नकाशावर) काळं दिसलं, तर अडथळा खरा. दोन्हीकडे पांढरं असेल तर बहुधा साधी पाण्याची गाठ. हजारांश चौरस मिमी प्रति सेकंद या एककात एडीसी १.३च्या खाली गेला की संशय वाढतो, ०.९च्या खाली फारच. मोजताना एडीसी मॅपवर वर्तुळ गाठीच्या सर्वांत काळ्या भागावर छोटंसंच ठेवायचं. त्यात चरबी शिरली तर आकडा खोटा खाली येतो, सडलेला पोकळ भाग आला तर खोटा वर जातो.

बहुतेक वेळा घोळ होतो तो चरबीमुळे. फॅट सप्रेशन, म्हणजे चरबीचा सिग्नल दाबणं, नीट झालं नाही तर चरबीची सरकलेली सावली नेमकी गाठीवर पडते. म्हणून प्रत्येक रुग्णासाठी शिमिंग (चुंबकीय क्षेत्र सगळीकडे एकसारखं करणं) नव्याने करायचं. पालथं झोपवताना दोन्ही स्तन कॉइलच्या (सिग्नल टिपणाऱ्या साच्याच्या) पोकळीत मोकळे लोंबताहेत, कातडीला घड्या नाहीत, हे हाताने पाहायचं. हे काम घाईत उरकलं, तर पुढे कुठलंही सॉफ्टवेअर ते सावरत नाही. बायोप्सीची क्लिप (जागेची खूण म्हणून ठेवलेला धातूचा बारीक तुकडा) असेल तर तिच्याभोवतीची प्रतिमा वाकडी होते. ताजं साकळलेलं रक्त आणि पू एडीसी मॅपवर कॅन्सरसारखेच काळे दिसतात, म्हणून शक्यतो बायोप्सीच्या आधीच स्कॅन करावा.

उलट बाजूही आहे. म्युसिनस (चिकट द्रव साठवणाऱ्या) कॅन्सरमध्ये पाणी भरपूर, त्यामुळे एडीसी चढा येतो आणि कॅन्सर निसटतो. दुग्धनलिकेतच राहिलेला सुरुवातीचा कॅन्सर (डीसीआयएस) आणि एक सेंटिमीटरहून लहान गाठीही हुकतात.

त्यामुळे बीआरसीए जनुकदोष असलेल्या बाईच्या वार्षिक तपासणीत इंजेक्शन वगळू नका, असंच आम्ही सांगतो. आणि मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीत संशयास्पद गाठ दिसली असेल, तर डिफ्युजन स्वच्छ आलं तरी बायोप्सी करायचीच.