लढाईतल्या तात्यांची तारीख

रविवार, रात्र

लढाईतल्या तात्यांची नोंद एकदाची सापडली. म्हणजे दोन सापडल्या, आणि तीच आता पंचाईत आहे.

तात्या म्हणजे माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. खटाव तालुक्यातून पहिल्या महायुद्धात गेले, परत आले नाहीत. घरात त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी शिल्लक होत्या: ‘बसऱ्याला गेला’ (म्हणजे आजच्या इराकमध्ये) आणि ‘एकशेसतराव्या पलटणीत होता’. फोटो नाही, पत्र नाही. सरकारकडून आलेलं चांदीचं पदक बाहत्तरच्या दुष्काळात सोनाराकडे मोडलं. बोल कुणाला लावणार? घरात दाणा नव्हता. मला हळहळ वाटते ती पदकाच्या कडेची. त्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असायची. तो नंबर हाती असता तर आज रात्री झोप लागली असती.

पलटणीचं मात्र बरोबर निघालं. चुलतभाऊ छातीठोक सांगायचा की अशी पलटणच नाही, आणि आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत ती खरंच दिसत नाही. कारण १९२२ मध्ये सगळे आकडे बदलले. १०३ची पहिली बटालियन झाली, १०५ची दुसरी, ११०ची तिसरी आणि आमची ११७ झाली पाचवी. जुन्या माणसांनी मात्र जुनाच आकडा धरून ठेवला, आणि त्याच आकड्यानं वाट सापडली.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. बसऱ्याहून तैग्रिसच्या काठाकाठानं वर सरकत त्या बगदादच्या अलीकडे टेसिफोनपर्यंत पोचल्या. तिथले लोक त्या गावाला सलमान पाक म्हणतात. २२ नोव्हेंबर १९१५ला तिथं तुर्कांशी गाठ पडली आणि डिव्हिजनची निम्म्याच्या आसपास लढती माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेले मागे फिरून कुत-अल-अमारा या गावात शिरले आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांच्या वेढ्यात अडकले. जवळजवळ पाच महिने. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. आपल्याकडच्या बऱ्याच शिपायांनी ते मांस शिवायला नकार दिला, तेव्हा हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवावी लागली. २९ एप्रिल १९१६ला शरणागती. मग कैद्यांची वाळवंटातली पायपीट, आणि त्यातल्या कितीतरी हिंदी शिपायांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं.

युद्धात गेलेल्यांच्या नोंदी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत एकाच नावाचे, एकाच पलटणीचे दोघे. पहिला टेसिफोनला, २२ नोव्हेंबरलाच गेला. बापाचं नाव नाही, जिल्हा सातारा एवढंच. दुसरा १९१६च्या पावसाळ्यानंतर, म्हणजे कैदेत. त्याच्या बापाचं नाव आमच्या खापरपणजोबांचं, पण गाव वाईकडचं. आणि ते नाव त्या काळी घरटी एक असणारच. आडनाव दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलेलं, कारकुनाच्या कानाला आलं तसं.

याच कमिशनच्या बसऱ्याच्या स्मारकाबद्दल वाचलं आणि खरं सांगायचं तर डोकं फिरलं. तिथं चाळीस हजारांहून जास्त मृतांची आठवण केलेली आहे. गोऱ्या शिपायाचं नाव दगडावर आहे. आपल्या सुभेदार-जमादारांचंही आहे. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. इतके मेले. कमिशननं २०२१च्या अहवालात हा भेद झाल्याचं कबूल केलं, शंभर वर्षांनी का होईना. साताऱ्याकडच्या आपशिंगे मिलिटरी या गावाची ४६ माणसं पहिल्या महायुद्धात गेली, तिथं निदान गावातच स्मारक आहे. आमच्या गावात तेही नाही. पंजाब्यांचा तर हेवाच वाटतो: लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेली गावनिहाय रजिस्टरं २०२१पासून ऑनलाइन येऊ लागली, तीन लाखांवर शिपायांची.

पंचांगवाल्या मित्राला विचारलं. २२ नोव्हेंबर १९१५, कार्तिक वद्य प्रतिपदा. तिथी माहीत नाही म्हणून आमच्या घरात तात्यांचं पान आजवर सर्वपित्रीलाच पडत आलं. प्रतिपदेला घालायचं का, असं थोरल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, ‘आधी तुझा माणूस ठरव. तोवर दोघांनाही अमावास्येलाच जेवू घालू, त्या दुसऱ्याला तरी कोण घालतंय?’ मला हे पटलं. शोध थांबवायचं कारण मात्र वाटलं नाही.

पणजीला तात्यांचं पेन्शन यायचं, ते आणायला ती वडूजला जायची. त्या कागदांवर नंबर असणारच. पेटी वाटण्यांत कुणाकडे गेली ते फक्त मोठ्या आत्याला ठाऊक. तिला सकाळी जरा बरं ऐकू येतं, तेव्हा उद्या चहाआधीच फोन.